सत्तावीस डिसेंबरचे गोळे

नाताळ उलटला की आयोवातल्या घराघरांत फ्रिज उघडल्यावर एकच गोष्ट दिसते. दुधाच्या बाटल्या, भाज्या, 'पाय' नावाचे उरलेले गोड पदार्थ, सगळे कडेला ढकललेले आणि मधोमध ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळलेलं एक ओबडधोबड गाठोडं. त्या गाठोड्यात उरलेलं हॅम असतं.

हॅम म्हणजे डुकराची मागची मांडी, मिठात मुरवलेली आणि बहुधा धुरी दिलेली. हाडासकट अख्खी मांडी ७ ते ९ किलोंची भरते. म्हणून बहुतेक घरं अर्धीच आणतात, पण तीही साडेतीन-चार किलोंच्या घरात जाते. जेवायला आठ-दहा माणसं असली तरी किलो-सव्वा किलो मागे राहतंच. दुसऱ्या दिवशी त्याची सँडविचं होतात, तिसऱ्या दिवशी सकाळी ते अंड्याबरोबर परतलं जातं, आणि मग घरातलं कोणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. मी इथे आले त्या पहिल्या हिवाळ्यात असंच एक गाठोडं आमच्याही फ्रिजमध्ये होतं. सत्तावीस तारखेला सकाळी शेजारच्या आजींचा फोन आला. "तुझ्याकडचं उरलेलं हॅम घेऊन ये. आज गोळे करायचेत."

मराठी वाचकाला आयोवा ठाऊक असेल तर ते बहुधा साहित्यामुळे. आयोवा सिटीच्या विद्यापीठात १९६७ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रमात दिलीप चित्रे १९७५ ते ७७ या काळात होते. पण विद्यापीठाच्या गावातून बाहेर पडून गाडीने अर्धा तास गेलं की दोन्ही बाजूंना मक्याची शेतं लागतात आणि मध्येमध्ये लांबलचक, बिनखिडक्यांच्या पत्र्याच्या शेडी. त्या डुकरांच्या. या राज्याची लोकसंख्या ३२ लाखांच्या आसपास आणि डुकरं सुमारे २ कोटी ४० लाख, म्हणजे माणशी सात. अमेरिकेतल्या एकूण डुकरांपैकी जवळजवळ एक तृतीयांश एकट्या आयोवात आहेत. स्पॅनिश सरदार हर्नांडो दे सोतो १५३९ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याबरोबर १३ डुकरं होती असं सांगतात. तिथून मक्याच्या या पट्ट्यापर्यंतचा इतिहास मोठा आहे, पण त्याचं मर्म सोपं आहे. मका बाजारात न्यायला जड आणि मिळकत थोडी. तोच मका डुकराला घातला की तो मांस होऊन चालत बाजारात जातो. जुने शेतकरी डुकराला 'गहाण सोडवणारा' म्हणत. जमिनीवरचं कर्ज त्याच्या जिवावर फिटायचं.

सणाला हॅमच का, याचंही उत्तर शेतीतच आहे. फ्रिज नव्हते तेव्हा डुक्कर कापायचं ते थंडी पडल्यावर, हिवाळ्याच्या तोंडावर. ताजं मांस तेव्हा खायचं, मांड्या मिठात घालायच्या आणि धुराच्या खोलीत टांगायच्या. हिवाळाभर मुरून त्या वसंतात, ईस्टरच्या सुमाराला, तयार व्हायच्या. व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी या भागांत अशी कोरडी मुरवलेली हॅमं आजही करतात. आयोवातल्या दुकानात नाताळला मिळतं ते मात्र खारं पाणी सुईने आत सोडून मुरवलेलं, ओलसर, आधीच शिजवलेलं. त्यातलं बरंचसं आता चक्राकार कापलेलं येतं. डेट्रॉइटच्या हॅरी होन्सेलार यांनी हाडाभोवती सलग चक्राकार काप घेणाऱ्या यंत्राचं पेटंट १९५२ साली मिळवलं आणि १९५७ साली अशा हॅमचं दुकान काढलं. कापायची कटकट त्यामुळे गेली, पण सगळ्या चकत्या आधीच सुट्या झाल्याने उरलेलं हॅम लवकर सुकतं. गोळ्यांसाठी त्याने काही बिघडत नाही.

आजींच्या स्वयंपाकघरात टेबलाच्या कडेला ओतीव लोखंडाचं खिम्याचं यंत्र आवळून बसवलेलं होतं. लाकडावर वळ उठू नये म्हणून स्क्रूच्या खाली घडी घातलेलं फडकं. हॅमचे तुकडे तासभर बाहेर ठेवलेले, म्हणजे उघड्या पोर्चमध्ये, उणे दहा अंशांत. "गार असलं की कापलं जातं, कोमट असलं की चिरडलं जातं," त्या म्हणाल्या. मांस कोमट असलं तर चरबी यंत्राच्या पात्याला लिंपली जाते आणि खिमा चिकट लगद्यासारखा निघतो. मी दांडा फिरवत होते, त्या वरून तुकडे घालत होत्या. खाली ताटात गुलाबी, दाणेदार खिमा पडत होता.

मग त्यांनी तेवढ्याच वजनाचा डुकराचा कच्चा खिमा ताटात ओतला. मला ते पटलं नाही. उरलेलं संपवायला बसलो आहोत तर पुन्हा नवं मांस कशाला? मी तसं बोलले नाही, पण पुढच्या वर्षी माझ्या घरी मी कच्च्या खिम्याला फाटा दिला. नुसतं हॅम, अंडं, बिस्किटांचा चुरा. वर सवयीने चमचाभर मीठही घातलं. ओव्हनमधून ताट काढलं तेव्हा निम्मे गोळे फुटून रसात वाळूसारखे पसरले होते आणि जे टिकले ते तोंडात घालवत नव्हते, इतके खारट. घरी चार पाहुणे होते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण तो पदार्थ मला मनापासून आवडला होता आणि तो मी कोणाला नीट दाखवू शकले नव्हते.

त्यामागचं कारण नंतर समजून घेतलं. कच्च्या मांसात मायोसिन नावाचं प्रथिन असतं. ते मिठाच्या पाण्यात विरघळतं, मळताना बाहेर येऊन दाण्यादाण्यावर चिकट लेप धरतं आणि आच लागली की घट्ट होऊन सगळं एकत्र बांधतं. हॅम आधीच शिजलेलं असतं, म्हणजे त्यातलं मायोसिन एकदा घट्ट होऊन चुकलेलं असतं. ते पुन्हा काही बांधू शकत नाही. बांधायची ताकद ताज्या मांसातच. पण ताज्या मांसाला ती ताकद बाहेर काढायला मीठ लागतं, आणि ते हॅमकडे भरपूर असतं. म्हणून या गोळ्यांत वरून मीठ घालायचंच नसतं. शिळं मीठ पुरवतं, ताजं चिकटपणा पुरवतं. आजी हे शास्त्र सांगत नव्हत्या. त्या मिश्रण मळून दोन बोटांनी उचलायच्या आणि बोटं फाकवायच्या. बोटांमध्ये तार धरली की म्हणायच्या, "झालं."

आपल्या फोडणीच्या पोळीची मला इथे आठवण येते, पण साम्य अर्ध्यावर थांबतं. फोडणीची पोळी उरलेल्या पोळीवरच उभी राहते, कांदा आणि मोहरी तिला नुसती चव देतात. हॅमचा गोळा उरलेल्यावर एकट्याने उभा राहत नाही. जवळचं नातं शोधायचं तर गोव्यात आणि वसईकडे नाताळला होणाऱ्या सोरपोतेलशी सापडेल. तेही डुकराचं, त्यातही व्हिनेगर, आणि तेही पहिल्या दिवसापेक्षा नंतरच्या दिवसांत अधिक मुरून चढतं.

आयोवातल्या गोळ्यांत पावाचा चुरा सहसा नसतो, ग्रॅहम क्रॅकरचा असतो. हे बिस्किट सिल्व्हेस्टर ग्रॅहम (१७९४–१८५१) या धर्मोपदेशकाच्या नावाचं. मैद्याचा पाव, मद्य आणि मांस माणसाला बिघडवतात असं त्याचं ठाम मत होतं आणि कोंड्यासकट जाडसर दळलेल्या गव्हाचा तो गावोगाव प्रचार करायचा. आजच्या क्रॅकरमध्ये साखर असते, मध असतो, पण गव्हाचा तो खमंगपणा थोडा तरी टिकून आहे. दुधात भिजलेला हा चुरा मांसातला रस धरून ठेवतो, त्यामुळे गोळा तासभर भाजूनही मऊ राहतो. भारतात करायचं तर डायजेस्टिव्ह बिस्किटांचा चुरा याच्या जवळ जातो.

प्रमाण असं. हॅमचा खिमा ५०० ग्रॅम, डुकराचा कच्चा खिमा ५०० ग्रॅम, चुरा १०० ग्रॅम, एक अंडं आणि पाऊण कप दूध. चुरा आधी दुधात भिजवायचा, मग बाकीचं घालून मळायचं. ८० ग्रॅमचा एक याप्रमाणे पंधरा-सोळा गोळे होतात, लिंबापेक्षा मोठे, लहान संत्र्याएवढे. बेसनाचा लाडू वळतो तसे ते हलक्या हाताने वळायचे आणि पसरट ताटात एकमेकांना जेमतेम टेकतील असे मांडायचे.

आता वरचा लेप. सगळा जीव त्यातच आहे. डब्यातलं घट्ट टोमॅटो सूप, ब्राऊन शुगर, व्हिनेगर आणि मोहरीची पूड. टोमॅटो सूप हे ऐकून परदेशी माणूस थबकतो, मीही थबकले होते. पण पाणी काढून घट्ट केलेलं सूप डब्यात भरण्याची युक्ती कॅम्पबेल कंपनीत जॉन डॉरन्स या तरुण रसायनतज्ज्ञाने १८९७ साली बसवली आणि पुढच्या दोन पिढ्यांत तो डबा अमेरिकी बाईच्या फडताळात आपल्याकडच्या चिंच-गुळासारखा येऊन बसला. १९१६ साली तर कंपनीने हे सूप स्वयंपाकात कसं वापरायचं याचं पुस्तकच काढलं. ग्रेव्हीसाठी वेगळा टोमॅटो शिजवत बसायची गरज संपली.

३०५ ग्रॅमचा एक डबा, पाऊण कप ब्राऊन शुगर, पाव कपाहून थोडं जास्त व्हिनेगर, एक चमचा मोहरीची पूड. हे नुसतं कालवून गोळ्यांवर ओतायचं आणि १७५ अंश सेल्सियसला तासभर भाजायचं. साखरेचं कवच असलेला हॅमचा भाग खिम्यात गेला असेल तर साखर चमचा-दोन चमचे कमी करावी. पहिला अर्धा तास ताटावर फॉइल, नंतर उघडं. उघडल्यावर दर दहा मिनिटांनी चमच्याने रस गोळ्यांवर सोडत राहायचं. पाणी उडतं, साखर दाट होते, व्हिनेगरचा झणका निवतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत लेप तांबूस, आरशासारखा चमकायला लागतो. मोहरीची पूड डोळ्यांना दिसत नाही, जिभेला नीट कळतही नाही, पण ती नसली तर सगळं नुसतं गोड लागतं. ती कधीही वगळू नये.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. कच्चा खिमा घातलेला गोळा शिजला की नाही हे रंगावरून ठरवता येत नाही. हॅमचा गुलाबी रंग येतो तो नायट्राइटमुळे. पूर्वी त्यासाठी सोरा वापरत, अमेरिकी कृषी खात्याने सोडियम नायट्राइटला १९२५ साली मान्यता दिली. मांसातल्या रंगद्रव्याशी त्याचा संयोग झाला की शिजल्यावरही गुलाबीपणा जात नाही. त्यामुळे पूर्ण शिजलेला गोळाही मोडल्यावर आत गुलाबीच दिसतो आणि नवशिका घाबरतो, किंवा उलट अर्धकच्चा गोळा त्याच रंगात सुटून जातो. थर्मामीटरची टोचणी गोळ्याच्या मध्यापर्यंत घालून ७१ अंश सेल्सियस आलेले बघावेत. शिवाय शिजलेलं हॅम फ्रिजमध्ये तीन-चार दिवसच ठेवावं, म्हणूनच आजींची सत्तावीस तारीख. पुढे ढकलायचं असेल तर गोळे वळून कच्चेच गोठवावेत.

आणि हा रोजचा पदार्थ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली मुरवलेलं, प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असं तिचं मत आहे. आजींच्या घरी गोळे वर्षातून दोनदा होत, नाताळनंतर आणि ईस्टरनंतर. मीही तेवढंच पाळते.

पूर्वेला पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरकडच्या जर्मन वंशाच्या गावांत, हेच मिश्रण लांबट पावासारखं थापून भाजतात. त्याला ते हॅम लोफ म्हणतात. लेपात टोमॅटो नसतो, ब्राऊन शुगर, व्हिनेगर, मोहरी आणि पुष्कळदा अननस असतो. तिथल्या खाटकांकडे दोन्ही खिमे मिसळलेलं तयार मिश्रणही मिळतं. मी ते खाल्लं आहे, चांगलं असतं, पण मला गोळाच बरा वाटतो. लोफला चकती कापली की लेप एका कडेलाच राहतो. गोळ्याला तो चहूबाजूंनी असतो.

आयोवात आता लोक उरलेल्या हॅमची वाटही बघत नाहीत. दुकानात कच्चे वळलेले गोळे विकत मिळतात आणि चर्चच्या तळघरातल्या जेवणांत, लग्नाच्या आदल्या रात्री, दफनविधीनंतर कुटुंबाला जेवू घालताना ते हमखास असतात. बटाट्याचा लगदा, फरसबी आणि दोन गोळे. अशा एका जेवणात, आजींच्या यजमानांना पोचवून आल्यावर, मी त्या तळघरात ताटं वाढत होते. कुणाच्या ना कुणाच्या घरातून आलेली गोळ्यांची सात-आठ ताटं ओट्यावर होती, प्रत्येकाचा लेप थोडा वेगळा, कुठे जास्त आंबट, कुठे जास्त काळसर. आजींनी त्यातलं एकही चाखलं नाही. त्या सगळ्या ताटांकडे बघत उभ्या होत्या आणि कोणतं ताट कोणी आणलंय ते मला रंगावरून हळू आवाजात सांगत होत्या.

आजींचं खिम्याचं यंत्र आता माझ्याकडे आहे, खालच्या फडक्यासकट. गेल्या सत्तावीस डिसेंबरला मी त्यांच्या पाककृतीच्या पाच बाय तीन इंची कार्डाप्रमाणे सोळा गोळे केले, दहा शेजारी वाटले. हाड मात्र ठेवलं. ते रात्री वाटाण्याच्या डाळीबरोबर पातेल्यात मंद आचेवर चढवलं.