बोलणारे यंत्र ऐकते तेव्हा

लाउडस्पीकर बोलतो, हे सर्वांस ठाऊक आहे. तो ऐकूही शकतो, हे थोड्यांच्याच ध्यानी येते. त्याच्या पडद्यास जोडलेले तारेचे वेटोळे लोहचुंबकाच्या फटीत हलते. वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला की पडदा कंप पावतो व ध्वनी निघतो. उलट, पडद्यासमोर आपण बोललो, तर वेटोळे हलून त्यात विद्युत्‌दाब उत्पन्न होतो. १८३१ मध्ये फॅरडेने शोधलेल्या नियमाचेच हे फळ. जुन्या इंटरकॉममध्ये एकच लाउडस्पीकर ही दोन्ही कामे आळीपाळीने करीत असे.

मात्र हा दाब मिलिव्होल्टाच्या घरातला, म्हणजे अगदी क्षीण असतो. तो वाढविण्यास ‘ऑप-अँप’ हा विवर्धक उपयोगी पडतो. त्याची मूळ विवर्धनशक्ती लाखांत असते, पण बेभरवशाची; दोन रोधक तिला लगाम घालतात. एक हजार व एक लाख ओहमचे रोधक योग्य रीतीने जोडल्यास विवर्धन नेमके १०१ पट होते. अर्थात शब्दाबरोबर खरखरही तितकीच वाढते.

हे उलटसुलटपण केवळ गंमत नव्हे. १९५० मध्ये उद्‌घाटन झालेल्या नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत ध्वनिदाबाचे प्रमाण याच तत्त्वावर ठरविले जाते. वेटोळ्याऐवजी विद्युत्‌धारित्रावर चालणारे तीन मायक्रोफोन जोडीजोडीने समोरासमोर ठेवतात. एक बोलतो, दुसरा ऐकतो. तिन्ही जोड्यांची मोजमापे जुळवली की प्रत्येकाची संवेदनक्षमता कळते. ऐकणाऱ्याची पारख व्हावी, म्हणून त्यालाही बोलावे लागते!