कचेरीतल्या दूरध्वनीचा कारभारी
१९९९ साली मार्क स्पेन्सर यांनी रचलेल्या ‘ॲस्टेरिस्क’ या मुक्त प्रणालीत, कचेरीत येणारा फोन कोणाच्या मेजावर खणखणावा याचा सारा बंदोबस्त ‘डायलप्लॅन’ नामक साध्या मजकुराच्या फायलीत असतो. त्यात क्रमांकांचे नमुने लिहिताना ‘एक्स’ म्हणजे कोणताही अंक, ‘झेड’ म्हणजे १ ते ९, तर ‘एन’ म्हणजे २ ते ९. गंमत अशी, की एकाच क्रमांकास दोन नमुने लागू पडत असतील, तर आधी लिहिलेल्याचा नव्हे, अधिक काटेकोर नमुन्याचाच हुकूम चालतो. नवशिक्यांची त्रेधा उडते ती बहुधा इथेच. बाहेरून येणाऱ्या फोनांचा ‘कॉन्टेक्स्ट’, म्हणजे नियमांचा गट, मात्र बाहेर फोन लावण्याच्या नियमांपासून कटाक्षाने अलग ठेवावा, अन्यथा कोणी परका इसम कचेरीच्या खर्चाने खुशाल परदेशी बोलत बसेल आणि बिल हाती पडेपर्यंत कोणास सुगावाही लागणार नाही.