पावसाळ्यातली फ्रिक्वेन्सी

मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच चालते, आणि बहुतेक वेळा ती ०९/२७ ही मुख्य पट्टी असते. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, म्हणून विमाने घाटकोपरच्या बाजूने खाली येत पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. उडणारीही तीच पट्टी, तीच दिशा घेतात. स्वच्छ हवेत इथे तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमाने चढतात-उतरतात, म्हणजे साधारण ऐंशी सेकंदांना एक. हा हिशोब कोरड्या हवेचा आहे. जून ते सप्टेंबर तो मोडत, सावरत चालवावा लागतो.

चालवणारे असतात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे नियंत्रक. लांबून येणारे विमान आधी एरिया कंट्रोलच्या ताब्यात असते, मग अप्रोचच्या, शेवटच्या काही मैलांत टॉवरच्या आणि पट्टी सोडल्यावर ग्राउंडच्या. टॉवर सुमारे ८४ मीटर उंच आहे, पण जोराची सर आली की तिथून पट्टीचे दुसरे टोकही दिसत नाही. उंची ही उघड्या आकाशातली चैन आहे. पावसात टॉवरलाही उपकरणांवर आणि ऐकण्यावर भिस्त ठेवावी लागते.

पट्टीच्या कडेला बसवलेली यंत्रे तिच्यावरची दृश्यमानता मीटरमध्ये मोजतात. हवामान खात्याचे निरीक्षण दर अर्ध्या तासाला निघते आणि मध्येच हवा बिघडली तर जादाचे. ही माहिती ध्वनिमुद्रित होऊन सतत वाजत राहते. प्रत्येक आवृत्तीला इंग्रजी अक्षर असते आणि वैमानिक पहिल्याच संपर्कात ते अक्षर सांगतो. त्यावरून त्याने ताजी माहिती ऐकली की जुनी, हे कळते. पट्टीचे तीन भाग करून प्रत्येकाला ० ते ६ असा अंक देण्याची पद्धत २०२१पासून जगभर आहे. कोरडी पट्टी ६, नुसती ओली ५, पाणी साचलेली २. पाचावरून दोनावर येणे मुंबईत एका सरीचे काम असते. म्हणून नुकत्याच उतरलेल्या वैमानिकाला ब्रेक कसे लागले हे विचारून ते मागच्याला सांगितले जाते.

हे सगळे बोलणे ज्या रेडिओवर चालते, त्यावर एका वेळी एकालाच बोलता येते. धावपट्टी अपुरी आहे हे सगळ्यांना माहीत असते. फ्रिक्वेन्सीवरचा वेळ त्याहून अपुरा पडतो, हे फारसे बोलले जात नाही. नियंत्रकाचे रडार विमाने दाखवण्यासाठी असते; पावसाचे प्रतिध्वनी त्यातून मुद्दाम गाळलेले असतात. ढगाचा गाभा नेमका कुठे आहे, ते विमानाच्या नाकातल्या रडारवर दिसते. म्हणजे ढग वैमानिकाला दिसतो, आजूबाजूची रहदारी नियंत्रकाला, आणि दोघांमध्ये दुवा एकच, आवाजाचा. एका विमानाने डावीकडे वीस मैल वळू का असे विचारले की मागचे चौघेही तेच विचारतात.

अशा गर्दीत आधी छाटावीशी वाटते ती गोष्ट म्हणजे रीडबॅक. नियंत्रकाने दिलेली उंची, दिशा, वेग, हवेच्या दाबाचा आकडा, पट्टीवर येण्याची किंवा पट्टीआधी थांबण्याची सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणायची आणि नियंत्रकाने ती ऐकून तपासायची. बोलण्याचा वेळ यात जवळजवळ दुप्पट होतो. तरी ते सोडता येत नाही. दाबाच्या आकड्यात १००१ऐवजी १०११ ऐकले गेले तर विमानातला उंचीमापक सुमारे ३०० फूट जास्त दाखवतो. चूक बोलण्यातच होते असेही नाही. जे ऐकू येणार असे वाटते तेच कानाला ऐकू येते, आणि थकलेला नियंत्रक चुकीच्या रीडबॅकलाही होकार देऊन जातो.

एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघे एकदम बोलले तर काय होते, ते २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या विमानतळावर दिसले. तिथे धुके होते. केएलएम कंपनीच्या विमानाच्या वैमानिकाने उड्डाणाची परवानगी नसतानाच वेग घेतला. टॉवरने त्याला थांबायला सांगितले, त्याच क्षणी आपण अजून पट्टीवरच आहोत असे पॅन ॲमचे विमान सांगत होते. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टीसारखा कर्कश आवाज तेवढा पोचला. दोन्ही विमाने धडकली, ५८३ माणसे गेली. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असा नियम झाला.

मुंबईला शेजारीही बरेच आहेत. जुहूची हेलिकॉप्टरे हाकेच्या अंतरावर, पुण्याचे नियंत्रण हवाई दलाकडे, दाबोळीचे नौदलाकडे. ढग टाळायला विमान सीमेपलीकडे जाणार असेल तर आधी पलीकडच्या नियंत्रकाला हॉटलाइनवर विचारावे लागते, आणि नकारही मिळू शकतो. मे २०२५मध्ये दिल्लीहून श्रीनगरला निघालेल्या विमानाला पठाणकोटजवळ वादळ टाळायला आंतरराष्ट्रीय सीमेकडे वळायचे होते. हवाई दलाच्या नियंत्रण केंद्राने परवानगी दिली नाही, लाहोरनेही नाही. विमान गारपिटीतून गेले आणि नाकाचा भाग फुटलेल्या अवस्थेत सुखरूप उतरले.

जागा मिळेपर्यंत आलेली विमाने आकाशात घिरट्या घालतात, हजार-हजार फुटांच्या अंतराने एकावर एक. एका फेरीला साधारण चार मिनिटे लागतात आणि प्रत्येक फेरीत इंधन जळते. १९९० च्या जानेवारीत न्यूयॉर्कवर अशा घिरट्या घातलेल्या आव्हियांका कंपनीच्या विमानाच्या वैमानिकांनी इंधन संपत आल्याचे सांगितले, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळले, ७३ जण गेले. आता त्यासाठी दोन ठरलेले शब्दप्रयोग आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आणखी उशीर परवडणार नाही, पण यामुळे रांगेत पुढचा नंबर मिळत नाही. ‘मेडे फ्युएल’ म्हटले की इतर सगळे बाजूला होतात.

त्या टोकाला जाण्याआधी वैमानिक अहमदाबाद, गोवा किंवा हैदराबादकडे वळतो. एकाच सरीत दहा जण वळले तर अहमदाबादला विमाने उभी करायला जागा उरत नाही, आणि ही माहिती मुंबईच्या नियंत्रकापर्यंत वेळेत पोचली नाही तर अकरावा तिकडेच निघतो. यावर उपाय म्हणून दिल्लीतले मध्यवर्ती केंद्र मुंबईला निघणारी विमाने बंगळूर, कोलकात्यालाच जमिनीवर रोखते. जमिनीवरचे विमान मुंबईच्या फ्रिक्वेन्सीवर बोलत नाही. मात्र सर कधी ओसरेल याचा अंदाज तासाभराने चुकला, तर एकतर पट्टी रिकामी पडून राहते किंवा रोखायला हवी होती ती विमाने हवेत आलेली असतात. पाऊस थांबल्यावर वळवलेली विमाने आणि रोखून धरलेली विमाने एकदमच परत निघतात, काहींच्या वैमानिकांची कामाची वेळ संपत आलेली असते, आणि संध्याकाळची नेहमीची गर्दी त्यांच्या मागे रांगेत असते.