औषधांचे फडताळ : दमट घरातल्या गोळ्यांचा अभ्यास

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दोन-तीन तासांत दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीतले निम्मे माड आणि विजेच्या सगळ्या तारा जमिनीवर आल्या. वीज परत यायला तीन आठवडे लागले. घरात आई, वय 78, दिवसातून दोनदा इन्सुलिन घेणारी. टाळेबंदी चालू असल्यामुळे मी दोन महिन्यांच्या बाटल्या आधीच आणून फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

रस्ता मोकळा झाल्यावर ओळखीच्या टेम्पोवाल्याने खेडहून बर्फाची लादी आणून दिली. ती फोडून थर्माकोलच्या पेटीत घातली. लहानपणी आइसक्रीमच्या पॉटमध्ये बर्फाबरोबर मीठ घालत, ते आठवून मी मूठभर खडेमीठही टाकले, आणि त्यात बाटल्या पुरल्या. पाचव्या दिवशी आईला सतत तहान लागू लागली. साखर तपासली तर 380 च्या वर. डॉक्टरांनी बाटली उजेडाकडे धरली. काचेला आतून पांढरे कण चिकटले होते, हलवूनही विरघळत नव्हते. "ही गोठली होती," ते म्हणाले. "नुसती कपाटात ठेवली असती तरी चाललं असतं हो."

त्या एका वाक्याने मला या विषयात ढकलले. मी औषधशास्त्राचा पदवीधर नाही. सहकारी पतपेढीत हिशेब लिहिण्यात उमेद गेली. पण औषधांचे नियम, प्रमाणग्रंथ आणि लेबलांवरची बारीक अक्षरे वाचायला पदवी लागत नाही, चष्मा लागतो.

आधी मिठाचे. मीठ घातलेला बर्फ लवकर वितळतो, पण वितळताना शून्याच्या बराच खाली जातो. आइसक्रीम त्यामुळेच घट्ट होते. इन्सुलिन हे प्रथिन आहे. एकदा गोठले की त्याची रचना बिघडते आणि पुन्हा पातळ झाले तरी बिघाड तसाच राहतो. दुधट दिसणाऱ्या मिश्र इन्सुलिनमध्ये निदान गुठळ्या दिसतात. पाण्यासारख्या स्वच्छ प्रकारात डोळ्यांना काहीच न दिसण्याची शक्यता असते. उष्णतेचे तसे नाही. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची हे खरे, पण वापरात घेतलेली बाटली साधारण चार आठवडे खोलीत चालते. प्रकारानुसार 25 किंवा 30 अंशांची मर्यादा लेबलवर छापलेली असते. केनियातल्या दगाहाले निर्वासित छावणीतले तापमान प्रयोगशाळेत तयार करून, म्हणजे 25 ते 37 अंशांच्या चढउतारात, चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची तपासणी झाली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात थंड जागी ठेवलेल्या इन्सुलिनपेक्षा त्याची शक्ती कमी झालेली आढळली नाही. वादळानंतर आमच्या माजघरात 28-29 अंश होते. आईचे औषध मी काळजी घेऊन बिघडवले.

चंद्रपूरच्या बहिणीने तेव्हा फोनवर माठाचा उपाय सांगितला होता: ओल्या मातीच्या भांड्यात लहान डबा, डब्यात बाटली. तिच्याकडे मे महिन्यात तो उत्तम चालतो. माठ थंड होतो तो पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते म्हणून, आणि पाणी उडायला हवा कोरडी हवी. बाहेर 44 अंश आणि आर्द्रता पंधरा-वीस टक्के असेल तर माठ 26-27 अंशांपर्यंत उतरू शकतो. जूनमधल्या कोकणात हवाच पाण्याने भरलेली. माठ एखाद-दोन अंश उतरला तरी पुष्कळ. एकाच राज्यात एकच सल्ला दोन ठिकाणी चालत नाही, आणि 'थंड व कोरड्या जागी ठेवा' या छापील वाक्याचीही हीच अडचण आहे.

आपल्या औषध नियमांच्या परिशिष्ट 'पी'मध्ये थंड जागा म्हणजे 10 ते 25 अंश अशी व्याख्या आहे. एप्रिल-मेमध्ये माझ्या घरात अशी जागा फ्रीज सोडून कुठेही नाही. मग गोळ्यांचे काय? इथे थोडा दिलासा आहे. औषध किती काळ टिकते हे ठरवताना जगाचे हवामानानुसार पट्टे पाडलेले आहेत, आणि भारतासाठीची दीर्घकालीन चाचणी 30 अंश तापमान व 70 टक्के आर्द्रतेत होते. शिवाय 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवूनही पाहतात. म्हणजे बंद पट्टीतली साधी गोळी आपला उन्हाळा सोसेल असे धरूनच बाजारात येते. लेबलवर '30 अंशांखाली' लिहिलेले असेल तर दुपारी चार तास 34 झाले म्हणून ती फेकायची गरज नाही. मात्र ढोबळ हिशेबाने दर 10 अंशांमागे रासायनिक बिघाडाचा वेग दुप्पट होतो, तेव्हा महिनोन् महिने 38 अंशांत ठेवलेली गोळी छापील तारखेपर्यंत टिकेल असे समजू नये.

ही 38 अंशांची जागा कुठली, तर आमच्या फ्रीजचा माथा. एका मे महिन्यात मी तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र घेऊन घरभर फिरलो. औषधांचा डबा वर्षानुवर्षे फ्रीजवर होता, कारण तिथे मुलांचा हात पोचत नव्हता. फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो ती मागून वर येते, हे कुणाच्या ध्यानातच नव्हते. स्वयंपाकघरातले ओट्यावरचे कपाट आणि न्हाणीघरातला आरसा-कपाट यांची पावसाळ्यातली आर्द्रता 90 च्या पुढे. सर्वांत चांगली निघाली ती उत्तरेच्या भिंतीतल्या फडताळाची खालची फळी. जमिनीजवळची म्हणून तिला आता कुलूप आहे.

खरा शत्रू उन्हाळ्यापेक्षा पावसाळा आहे, असे माझे मत झाले आहे. ॲस्पिरिनची गोळी ओल धरली की मोडून सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल तयार होते. डबी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ते हेच. पट्टीचेही प्रकार आहेत. आरपार दिसणाऱ्या साध्या प्लास्टिकच्या पट्टीतून वाफ हळूहळू आत शिरते. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेली पट्टी तिला जवळपास पूर्ण अडवते. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असलेली प्रतिजैविके अशा धातूच्या पट्टीत येतात ती उगाच नव्हे. म्हणून आठवड्याच्या वारांची जी डबी मिळते, तिच्यात जुलैमध्ये महिन्याभराच्या गोळ्या सोलून भरू नयेत. एका आठवड्याच्या पुरे. थायरॉईडच्या गोळ्या उष्णता, उजेड आणि ओल तिन्हींना नाजूक. त्या मूळ बाटलीतच असू द्याव्यात, आणि बाटलीतली ओल शोषणारी पुडी कचरा समजून टाकू नये.

"मग सगळेच फ्रीजमध्ये ठेवू," असे आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात एका काकांनी सुचवले. गोळ्यांसाठी ते वाईटच. गार पट्टी दमट हवेत बाहेर काढली की तिच्यावर दव धरते, दिवसातून दोनदा. इन्सुलिनसाठीही फ्रीजमधली प्रत्येक जागा सारखी नाही: एकदारी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे गोठवू शकतो, दार सारखे उघडते म्हणून तिथे ऊब. मधली फळी, मागच्या भिंतीपासून दूर.

खरेदीबद्दल थोडे. गावातल्या मेडिकलमध्ये चार गोळ्या मागितल्या की पट्टी कात्रीने कापून मिळते, आणि बॅच क्रमांक व तारीख छापलेला तुकडा बहुतेक वेळा दुकानातच राहतो. मी आता कापण्याआधी पट्टीचा फोन काढून फोटो घेतो. पहिल्यांदा दुकानदार हसला, आता स्वतःच पट्टी पुढे करतो. तारीख महिन्यात दिलेली असेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. इन्सुलिन घेताना दुसरा एक प्रश्न मी न चुकता विचारतो: रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडता का? पाडत असतील तर फ्रीजही रोज दहा तास बंद असतो.

तारीख उलटलेल्या औषधांवर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. एक पक्ष दुसऱ्या दिवशी ते विष झाले मानतो, दुसरा म्हणतो हा सगळा कंपन्यांचा डाव. दुसऱ्या पक्षाच्या हातात भक्कम पुरावा आहे. अमेरिकी सैन्याच्या साठ्यातल्या 122 औषधांचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या खेपांपैकी 88 टक्के तारखेनंतर किमान एक वर्ष चांगल्या होत्या. पण ती औषधे मूळ वेष्टनात, नियंत्रित गोदामात होती, आमच्या फ्रीजच्या माथ्यावर नव्हे. पहिल्या पक्षाचीही बाजू आहे: 1963 मध्ये अमेरिकेत जुने, खराब झालेले टेट्रासायक्लिन घेतलेल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची नोंद झाली. मी मधला मार्ग धरतो. डोकेदुखीची गोळी महिनाभर जुनी असेल तर रात्री अडीच वाजता घेईन. इन्सुलिन, हृदयाची औषधे, प्रतिजैविके, डोळ्यांत घालायचे थेंब यांत एक दिवसही नाही. थेंबांची बाटली तर उघडल्यापासून साधारण चार आठवड्यांतच टाकायची. मुलांच्या प्रतिजैविकाच्या कोरड्या पावडरीत पाणी घातले की तारखेचा संबंधच संपतो, पुढचे सात किंवा दहा दिवस काय ते लेबलवर असते. मी बाटलीवर पेनाने पाणी घातल्याची तारीख टाकतो.

आई आता 83 वर्षांची आहे. गेल्या जूनमध्ये सलग दोन दिवस वीज गेली, तेव्हा वापरातली बाटली मी माजघरातल्या फडताळात ठेवली आणि शेजारी यंत्र. दर तासाला उठून पाहत होतो. 29 च्या वर गेले नाही. दुसऱ्या रात्री आई अंधारातून म्हणाली, "झोप आता. त्या बाटलीला काही होत नाही, तुझीच साखर वाढेल."