बदकाचं ‘मनक’ झालं!

मुलांनो, पावसामुळे खेळाचा तास बुडाला, की आमच्या चौथीच्या वर्गात चिठ्ठ्यांचा खेळ रंगतो. वर्गाचे दोन गट करायचे. क म्हणजे 1, ख म्हणजे 2, ग म्हणजे 3 असं ओळीने ळपर्यंत कोष्टक मांडायचं आणि अक्षरांऐवजी आकडे लिहून चिठ्ठी पाठवायची. शब्द मात्र काना-मात्रा नसलेलेच घ्यायचे. एकदा पहिल्या गटाने लिहिलं, 23-18-1. म्हणजे ‘बदक’. दुसऱ्या गटाने मोठ्याने वाचलं, ‘मनक’!

मग काय, जुंपली! “तुम्हाला मोजता येत नाही!” “तुम्हालाच येत नाही!” शेवटी दोन्ही कोष्टकं शेजारी ठेवली, तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्या गटाने ङ आणि ञ गाळले होते. “ते कुणी वापरतं का, बाई?” मोजणी दोघांचीही बरोबर होती. कोष्टकं तेवढी दोन होती.

अस्सं भांडण मोठमोठ्या संगणकांतही आहे, आणि तेही 60 वर्षांहून जुनं. संगणकाला अक्षर कळत नाही, कळतात फक्त आकडे. कुठल्या अक्षराला कोणता आकडा, हे माणसांनी ठरवायचं. 1963 साली अमेरिकेत ‘अ‍ॅस्की’ नावाचं एक कोष्टक ठरलं. त्यात इंग्रजी मोठ्या ‘ए’चा आकडा 65. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1964 मध्ये, आयबीएम कंपनीने ‘सिस्टिम 360’ हे आपले मोठे संगणक जाहीर केले. अशा संगणकाला मेनफ्रेम म्हणतात. बँका, विमा कंपन्या यांचे लाखो हिशेब तो एकटा सांभाळतो. या मेनफ्रेमचं कोष्टक मात्र वेगळंच, ‘एबसिडिक’ नावाचं. त्यात ‘ए’चा आकडा 193!

बरं, ‘ए’ 193, मग ‘बी’ 194, ‘सी’ 195, असं ‘आय’पर्यंत सरळ चालतं. ‘आय’ 201. आता ‘जे’ किती? 202 म्हणालात ना? चुकलात. ‘जे’ 209! मध्ये सात जागा सोडून दिल्यात. पुढे ‘आर’ 217 आणि ‘एस’ एकदम 226. शेवटचा ‘झेड’ 233. म्हणजे अक्षरं 26 आणि त्यांनी अडवलेल्या जागा 41.

हा गोंधळ वेडेपणाचा वाटतो, पण त्याचं कारण फार मजेशीर आहे. संगणक येण्याच्या कितीतरी आधी, 1890 साली, अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांवर झाली होती. जाड कागदाच्या कार्डाला भोकं पाडायची आणि यंत्राने ती मोजायची. पुढे आयबीएमच्या कार्डावर 80 उभे रकाने आले. प्रत्येक रकान्यात भोकासाठी वरपासून खालपर्यंत 12 जागा. आकड्याला एक भोक पुरे, अक्षराला मात्र दोन लागत. एक भोक वरच्या तीन ओळींपैकी एकीत आणि दुसरं खाली 1 ते 9 पैकी कुठेतरी. पहिली ओळ आणि 1 ते 9, ही झाली ‘ए’ ते ‘आय’ अशी नऊ अक्षरं. दुसरी ओळ आणि 1 ते 9, ही ‘जे’ ते ‘आर’ अशी नऊ. उरली आठ, ती तिसऱ्या ओळीत 2 ते 9 वर बसवली. कागदावर काढून पाहा, लगेच पटेल. एबसिडिकमधल्या रिकाम्या जागा म्हणजे या जुन्या कार्डाचा ठसाच. कार्डं गेली, पण ठसा राहिला.

पडद्यावरसुद्धा तो आहेच. मेनफ्रेमशी बोलण्यासाठी 1971 साली आयबीएमने ‘3270’ नावाची पडदा-कळफलकाची जोडी आणली. तिच्या नेहमीच्या पडद्यावर 24 ओळी आणि एका ओळीत अक्षरं किती? 80! या पडद्याची रीत परीक्षेसारखी. तुम्ही एकेक कळ दाबता ती मेनफ्रेमला कळतच नाही. सगळा फॉर्म भरायचा, ‘एंटर’ दाबायचं, की पेपर एकदम जमा. चौकट सोडून भलतीकडे टाइप केलंत, तर कळफलक चक्क कुलूपबंद होतो. मग ‘रीसेट’ची कळ दाबून गयावया करायची. (आमच्या वर्गालाही अशी एक कळ हवी होती!)

पुढे लहान संगणक आले आणि त्यांच्यावर या पडद्याचं सोंग घेणारे प्रोग्रॅम निघाले. लहान संगणकाची भाषा अ‍ॅस्कीच्या वळणाची, मेनफ्रेमची एबसिडिक. मध्ये दुभाषा हवाच. त्यात एबसिडिकच्याही देशोदेशीच्या आवृत्त्या. अमेरिकन कोष्टकात 91 म्हणजे डॉलरचं चिन्ह आणि ब्रिटिश कोष्टकात तोच 91 म्हणजे पौंडाचं! चुकीचं कोष्टक निवडलं, की आकडा न बदलता डॉलरचे पौंड. आपलं बदक बरं म्हणायचं.

आता खरी घडलेली गोष्ट. बेल्जियममधल्या एका माणसाच्या नावात, अक्षराच्या डोक्यावर खूण होती. आपल्या मात्रा-वेलांटीसारखी समजा. त्याच्या बँकेच्या कागदांवर ती खूण उमटेना. बँक म्हणे, “आमची यंत्रणा 1995 सालची, एबसिडिकवर चालणारी. तिला या खुणा लिहिता येत नाहीत.” तो माणूस गप्प बसला नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये ब्रसेल्सच्या अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. आपलं नाव बरोबर लिहून घेणं हा त्याचा हक्क आहे, यंत्रणा जुनी असल्याची सबब चालणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली आणि मग फळ्यावर मोठ्ठा ‘ज्ञ’ काढला. आजचे संगणक युनिकोड नावाचं जगभराचं कोष्टक वापरतात. त्यात मराठीचा ‘ज्ञ’ एका आकड्याने लिहिला जात नाही, तीन आकड्यांनी लिहिला जातो. पहिला ज, मग पाय मोडल्याची खूण आणि तिसरा कोण? ञ! कोष्टकातून ञ काढला, तर ज्ञानेश्वर लिहिणार कसा?

दुसऱ्या गटात थोडी कुजबुज झाली. मग एकाने हळूच रबर घेतलं, कोष्टक च पासून पुढे खोडलं आणि मध्ये ङ घालून नवे आकडे लिहायला लागला.