गल्लीतून आकाश किती उरलं?

‘घाटकोपरच्या गल्लीत शिरलं की जीपीएस गंडतं,’ ही तक्रार रिक्षावाल्यांपासून डिलिव्हरीवाल्या पोरांपर्यंत सगळ्यांची. पण त्या गंडण्यातच माहिती दडलेली असते. कोणता उपग्रह या क्षणी कुठल्या दिशेला, किती उंचीवर असायला हवा हे फोनला ठाऊक असतं. तिथून संकेत आला नाही किंवा क्षीण आला, तर मध्ये काहीतरी आडवं आहे. अशा दिशा जुळवत गेलं की मोकळ्या आकाशाचा अंदाज बांधता येतो.

‘उपग्रह जास्त, म्हणजे आकाश मोकळं’ हा सर्वांत मोठा गैरसमज. टॉवरच्या काचेवर आपटून आलेला संकेतही फोन मोजतोच, त्यामुळे नुसत्या संख्येवर भिस्त ठेवू नये. संकेताची ताकद पाहावी. मोकळ्यावर ती साधारण ४० ते ५० डेसिबल-हर्ट्झ असते, आडोशाला बरीच घसरते. दिशा तर त्याहून बोलकी. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर मेट्रोचा पूल आहे. त्याखाली माथ्यावरचे उपग्रह झाकले जातात, कडेचे काही मिळतात. दोन टॉवरांमधल्या बोळात बरोबर उलटं. संख्या मात्र दोन्हीकडे सारखी भरू शकते!

पावसाळी ढगांना दोष देण्यात अर्थ नाही. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. ढग आणि पाऊस तिला जवळजवळ अडवत नाहीत. झाडं अडवतात, ओली पानं अधिकच. म्हणून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात दुबळा झालेला संकेत भिंतीच्या खात्यावर मांडू नये.

हे काम एका नजरेत उरकणारंही नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून दिवसाला दोन फेऱ्या मारतात. फोन एका जागी काही तास ठेवला, तरच आकाशाचा बराच भाग तपासून होतो. ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू या इतर उपग्रह-यंत्रणांचे संकेत धरले की चित्र लवकर भरतं. आपल्या नाविकमधले भूस्थिर उपग्रह जवळपास एकाच जागी दिसतात. त्या दिशेला नवी इमारत चढली तर फरक थेट कळतो.

माशाच्या डोळ्यासारख्या भिंगाने काढलेला फोटो अधिक अचूक, हे खरं. पण फोन घरोघरी आहे. आणि आकाश किती उरलं हा प्रश्न रस्ता चुकण्यापुरता नाही: दिवसभर तापलेल्या भिंती रात्री आकाशाकडे उष्णता सोडतात, आकाश अरुंद झालं की गल्ली उशिरा निवते. मुलुंडमधल्या एखाद्या सोसायटीने पुनर्विकासाला जाण्याआधी आपल्या अंगणातली ही नोंद जरूर करून ठेवावी. पाडकामानंतर जुनं आकाश मोजता येत नाही.