हेल्मेट आहे, पण पट्टा लावता का?

शेतकरी बंधूंनो, हिंगणघाटच्या बाजाराला निघता तेव्हा हेल्मेट कुठं असतं? आरशाला लटकलेलं! मीही पूर्वी तसाच फिरायचो. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब सांगतो की, हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्के, तर मृत्यूचा ४२ टक्के कमी होतो. खरं काम आतला थर्माकोल करतो. तो दबतो, धक्का स्वतः खातो. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका. हनुवटीचा पट्टा मोकळा असेल तर पडताना ते निघूनच जातं. विकत घेताना आयएसआय मार्क बघा. १ जून २०२१ पासून त्याशिवाय विक्रीला बंदी आहे. आणि डबलसीट बसणाऱ्या घरधनिणीचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ तिलाही लागू आहे. तिच्या मापाचं वेगळं घ्या.